मोकळं सोडलेलं टोक

लक्ष्मी ताल म्हटलं की मराठी कानाला आधी मात्रा ऐकू येतात, पाणी नंतर दिसतं. पखवाजात त्या नावाचा अठरा मात्रांचा ताल आहेच, आणि कुदऊसिंहांची दतियाही इथून जवळच. पण झाशीत ताल म्हणजे तळं. लक्ष्मी दरवाज्यातून बाहेर पडलं की महालक्ष्मीचं देऊळ, जवळच राणीने बांधवलेली गंगाधररावांची छत्री आणि शेजारी हे पाणी. मामांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे, म्हणून या मुक्कामात सकाळी सहाला आम्ही दोघं इथे येतो. चार दिवस नुसत्या गप्पा झाल्या. पाचव्या दिवशी मामा काखेत फाइल घेऊन आले.

"तू तीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलाशी बसलीस," काठावर रुमाल अंथरून बसत ते म्हणाले, "हे वाच आणि मला सांग, यांनी माझं केलं काय?"

फाइलमध्ये दोन पानांची ऑपरेशन नोट होती. इंग्रजीत टाइप केलेली, एकही विशेषण नसलेली. पहिल्यांदा मी ती डॉक्टर म्हणून वाचली. दुसऱ्यांदा वाचताना मान हलायला लागली, जाणकाराची मैफलीत हलते तशी. पुढचं लिखाण म्हणजे त्या दोन पानांचं रसग्रहण आहे.

माझा अधिकार किती तेही सांगून टाकते. मी भूलतज्ज्ञ. आमची जागा रुग्णाच्या डोक्याशी, कापडी पडद्याच्या अलीकडे. सर्जनची सुई मी कधी हातात धरली नाही. स्वतः गाणारी नसले तरी तीस वर्षं पहिल्या रांगेत बसले आहे, आणि गवई कुठे घाबरला हे पहिल्या रांगेला जरा जास्तच कळतं.

मामा सिंचन खात्यातले. उमेदीची वर्षं बेतवा नहरीवर गेली. घराणं कोकणातलं, नेवाळकरांच्या मागोमाग इकडे आलेलं, असं घरात सांगतात. मराठी अजून शाबूत आहे, मधूनमधून बुंदेली पाणी शिरतं एवढंच. गेल्या वर्षी माघात पहाटे बूट घालायला वाकले आणि पाठीत, दोन खांद्यांच्या मधे, काहीतरी फाटलं. "दुखलं" असं ते म्हणत नाहीत. "फाटलं" म्हणतात, आणि या आजाराचं अर्धं निदान त्या क्रियापदात आहे. हार्ट अटॅकची कळ बहुधा चढत जाते; ही पहिल्या क्षणालाच शिखरावर असते. पाठोपाठ त्यांचा डावा पाय गार पडला.

गल्लीतल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. त्यात फारसं काही नव्हतं. छातीपाठीत कळ, घाम, सत्तरीचा माणूस म्हटल्यावर हात आपोआप रक्त पातळ करणाऱ्या औषधाकडे जातो, आणि या आजारात ते औषध घात करतं. या डॉक्टरांनी वेगळं केलं. उजव्या दंडाचा बीपीचा पट्टा सोडून डाव्या दंडाला बांधला. दोन हातांत चाळीसचा फरक. मग कुणालाही न विचारता सीटी अँजिओ, प्रेशर आणि नाडी खाली आणणारी ड्रिप, वेदनेवर इंजेक्शन, आणि दिल्लीची अँब्युलन्स. पुढच्या सगळ्या मैफलीचा षड्ज त्या पट्ट्याने लावला, असं माझं मत आहे. दिल्ली इथून चारशेवर किलोमीटर. उपचार न झालेल्या अशा रुग्णाला पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका एक ते दोन टक्के, असं आमची पुस्तकं सांगतात. त्या प्रवासाचा हिशेब मामांनी नंतर स्वतः मांडला. इंजिनिअर माणूस.

आजार त्यांना समजावणं मला सोपं गेलं. महाधमनी हृदयातून निघते, वर चढते, कमान घेते, कमानीवरून डोक्याला आणि हातांना तीन फांद्या देते आणि मणक्याला धरून खाली पोटात उतरते. तिच्या भिंतीला तीन थर. सगळ्यांत आतला थर फाटला की रक्त त्या चिरेतून मधल्या थरात घुसतं आणि भिंत सोलत पुढे जातं. एकाच नळीत दोन वाटा होतात, एक खरी, एक खोटी. खोटीतला दाब वाढला की खरी चेपते, आणि तिच्यावर जगणारा अवयव उपाशी राहतो. मामांचा पाय तसा उपाशी राहिला होता.

"म्हणजे अस्तर सुटलं," मामा म्हणाले. "नहरीत तर हे दर दोन वर्षांनी. अस्तराच्या मागे पाणी गेलं की फरशी उचलते."

अस्तर. कोटालाही तेच, कालव्यालाही तेच. मला याहून चांगला शब्द सापडला नसता. आम्ही याला डिसेक्शन म्हणतो आणि ते रोग्याच्या नातेवाइकांना सांगताना दरवेळी अडखळतो.

हा आजार नवा नाही. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी शौचकूपात कोसळला, पानिपतला तीन महिनेही उरले नव्हते तेव्हा. राजवैद्य फ्रँक निकोल्सने शव उघडलं, तर हृदयाभोवतीची पिशवी गोठलेल्या रक्ताने भरलेली आणि महाधमनीला आतून आडवी चीर. वर्णन उत्तम, उपाय शून्य. उपाय यायला आणखी दोन शतकं जावी लागली.

आता नोट.

पहिलीच ओळ चालीची आहे. छाती उघडण्याआधी सर्जनने उजव्या काखेजवळची धमनी शोधून तिला कापडाची बारीक नळी जोडली. हार्ट-लंग मशीनचं रक्त शरीरात इथून जाणार. जांघेतून घालणं सोपं आणि झटपट असताना ही आडवाट कशासाठी, याचं उत्तर दीड पानानंतर मिळतं. मला अशी माणसं आवडतात, जी पुढच्या जागेची तयारी मुखड्यातच करून ठेवतात.

मग छाती उघडली, मशीन सुरू झालं आणि थंड करणं. नोट म्हणते: २६ अंश. दोन शब्द. पडद्याच्या अलीकडे हे दोन शब्द अर्धा तास चालतात. मी कपाळावरच्या दोन चिकटपट्ट्या बघत बसलेली असते, त्या मेंदूच्या रक्तातला प्राणवायू दाखवतात. तापमान एकेक अंशाने उतरतं, हृदयाची लय विस्कटते, आणि खोलीतलं बोलणं कमी होत जातं. ते कमी करा असं कुणी सांगत नाही.

पुढची ओळ: शरीराच्या खालच्या भागाचा रक्तप्रवाह बंद, वेळ ३४ मिनिटं.

"नहरबंदी," मामा म्हणाले. "पाणी बंद केल्याशिवाय अस्तराला हात लावता येत नाही. आम्ही रोस्टर लावायचो."

महाराष्ट्रात कालव्याच्या पाण्याच्या पाळीला आवर्तन म्हणतात. तबल्याच्या फेऱ्यालाही आवर्तनच. ही ३४ मिनिटं म्हणजे ज्यात सम चुकवायची मुभा नाही असं एकच आवर्तन. काखेतल्या नळीचा खुलासाही इथे होतो. सगळ्या शरीराचं पाणी तोडलं तरी त्या नळीतून मेंदूला बारीक धार चालू राहते. कमान आता पूर्ण रिकामी, उघडी, आणि आत दिवा मारून बघता येते. रक्त नसलेली महाधमनी मी अनेकदा पाहिली आहे. सोललेल्या भिंतीचा आतला पदर ओल्या टिशू पेपरसारखा असतो. श्वास जोरात सोडला तर हलेल असं वाटतं. त्याला टाके घालायचे असतात.

आणि इथे सोंड येते, म्हणजे कमानीत बसवायची कापडाची नळी.

माझ्याकडे घरी या नळीचा एक नमुना आहे, कंपनीचा प्रतिनिधी दाखवायला आणायचा त्यातला. वीतभराहून लांब, पांढरा, वजनाला काहीच नाही. वरचा अर्धा भाग म्हणजे विणलेल्या कापडाची नळी, चुडीदारच्या पायासारख्या बारीक चुण्यांची, बाजूला डोक्याकडच्या फांद्यांसाठी छोट्या बाह्या. खालचा अर्धा भाग त्याच कापडाचा, पण त्याला निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची कडी शिवलेली. दाबून बारीक म्यानात भरलं तर भरलं जातं. म्यान ओढलं की आपलं मूळ रूप घेतं. आणि या दोन भागांच्या सांध्यावर कापडाची गोल गळपट्टी, बोटभरही रुंद नसलेली.

या गळपट्टीवर मी एक अख्खा तास बोलू शकते. वरचा भाग उघड्या शस्त्रक्रियेचा: छाती उघडा, डोळ्यांनी बघा, सुईने शिवा. खालचा भाग नळीवाटे जाणाऱ्यांचा: तार घाला, एक्स-रेच्या पडद्यावर बघा, आतून फुलवा. वर्षानुवर्षं हे दोन पंथ एकमेकांकडे घराण्यांसारखे बघत होते. पहिल्यांना दुसरे प्लंबर वाटायचे, दुसऱ्यांना पहिले खाटीक. या नळीत दोघांची हद्द त्या गळपट्टीवर येते. सर्जन कड्यांचा भाग मामांच्या उतरत्या महाधमनीत सरकवतो, म्यान ओढतो, कडी फुलतात आणि चेपलेली खरी वाट आतून उघडी पडते. सोललेलं अस्तर परत भिंतीला टेकतं. मग गळपट्टी कापलेल्या महाधमनीच्या काठाला लावून तो गोल शिवतो, बाहेरून फेल्टची पट्टी देऊन, तुरपईसारखा एकच अखंड दोरा. खोल अंधारातलं काम स्प्रिंगने केलं, उजेडातलं सुईने.

पण यात एक जागा अशी आहे की ती चुकली तर सगळं उलटं होतं. सोंड खोट्या वाटेत गेली तर फुलणारी कडी खऱ्या वाटेचाच गळा दाबतील. म्हणून आधी जांघेतून एक तार वर सोडतात आणि ती खऱ्या वाटेत आहे की नाही हे बघतात. बघतं कोण? अन्ननलिकेत इकोची नळी घालून बसलेली भूलतज्ज्ञ. करड्या पडद्यावर दोन अर्धचंद्र दिसतात, मधे फडफडणारा पापुद्रा, आणि एका अर्धचंद्रात एक चमकता ठिपका. हृदयाच्या ठोक्याला जी वाट फुगते ती खरी. मी ठिपका बघते, एक ठोका थांबते, आणखी एक थांबते, आणि पडद्यावरून म्हणते, "खरीत आहे." सगळ्या कारकिर्दीत याच दोन शब्दांनी माझ्या हाताला घाम आणला. नोटमध्ये याला एक ओळ आहे: तार खऱ्या वाटेत, इकोने खात्री. ते दोन शब्द दिल्लीत कुणीतरी उच्चारले असतील. त्या माणसाला मी ओळखत नाही. पण ही ओळ वाचताना मी थोडा वेळ पाण्याकडे बघत बसले.

आणखी एक खुबी सर्जन सोडून कुणाच्या लक्षात येत नाही. पूर्वी ही शिवण कमानीच्या पार टोकाला, छातीच्या खोल डाव्या कोपऱ्यात घालावी लागे. तिथे हात पोचत नाही, आणि रक्त सुटलं तर दिसतही नाही. खालचं काम सोंड करणार म्हटल्यावर शिवण वर, डोक्याकडच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फांदीच्या मधे आणता आली. हाताच्या जवळ, डोळ्यासमोर. कसब दाखवायची जागाच त्यांनी काढून टाकली, आणि मला हे कसबापेक्षा मोठं वाटतं. शिवाय कमानीखालून वळसा घालून आवाजाच्या नसेची एक फांदी स्वरयंत्राकडे जाते. शिवण वर आली की तिला इजा होण्याचा संभवही कमी होतो. कमी होतो, संपत नाही. मामांचा आवाज आता थोडा बसका आहे. गणपतीत देवळात ते आरती सांगायचे, ती आता मुलगा सांगतो.

मग पाणी सोडलं. नळीच्या बाजूच्या बाहीतून खालच्या शरीराला रक्त सुरू झालं आणि नोटमध्ये, टाक्यांच्या आणि मापांच्या गर्दीत, एक वाक्य येतं: दोन्ही जांघांत नाडी लागते. ही सम. मामांना मी त्या वाक्यावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी काही न बोलता डाव्या पायाचा बूट काढला, मोजा काढला आणि पाऊल काठाच्या दगडावर टेकवलं. जानेवारीचा गारठा होता. बोटं हलवून बघितली आणि मोजा पुन्हा चढवला.

उरलेला दीड परिच्छेद: डोक्याच्या फांद्या बाह्यांना जोडल्या, हृदयाकडचं टोक शिवलं, झडप जागेवर टांगली, शरीर गरम केलं. त्यानंतरचे रक्त थांबवण्याचे तास नोटमध्ये एका ओळीत आहेत. ते तेवढेच असू द्यावेत. ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहेत.

या कापडाची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. ह्यूस्टनचा सर्जन मायकेल डिबेकी १९५४ च्या सुमारास महाधमनीची नळी शिवायला कापड आणायला गेला. त्याला नायलॉन हवं होतं. दुकानात नायलॉन संपलं होतं. विक्रेत्याने नवं आलेलं डेक्रॉन पुढे केलं, आणि त्याने घरी शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, ज्याला इंग्रजांनी टेरिलीन म्हटलं. आमच्या वडिलांच्या लग्नातला शर्ट ज्याचा होता तेच. इस्त्री न लागणारं, न आटणारं, न कुजणारं कापड. शर्टात ते उकडायचं आणि अंगाला चिकटायचं. धमनीत त्याच गुणांनी पन्नास-पन्नास वर्षं टिकलं.

या डिबेकीलाच ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, नेमका हा आजार झाला. आधी त्याने शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितलं. तब्येत ढासळल्यावर सहकाऱ्यांनी करायचं ठरवलं, तेव्हा त्या रुग्णालयाच्या भूलतज्ज्ञांनी भूल द्यायला नकार दिला. इतक्या वयाच्या माणसावर हे कधी झालं नव्हतं. शेवटी बाहेरून एक भूलतज्ज्ञ बाई आल्या, फेब्रुवारी २००६ मध्ये शस्त्रक्रिया झाली, म्हातारा वाचला आणि २००८ पर्यंत जगला. सर्जन ही गोष्ट डिबेकीच्या कौतुकासाठी सांगतात. मी ती त्या बाईंसाठी सांगते. आणि नकार देणाऱ्यांसाठीही. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

सोंडेचा जन्म हॅनोव्हरचा. हान्स बोर्स्ट या सर्जनने १९८३ साली कमानीच्या बदलीची एक युक्ती प्रसिद्ध केली. त्या काळी कमान आणि खालची महाधमनी दोन वेगवेगळ्या शस्त्रक्रियांत बदलावी लागे, आणि दुसऱ्या वेळी पहिल्या शिवणीच्या आसपासचं चिकटलेलं सोडवताना माणूस दगावे. बोर्स्टने पहिल्याच वेळी जास्तीचं कापड शिवणीच्या पलीकडे, उतरत्या महाधमनीत नुसतं लोंबतं सोडलं. दुसऱ्या वेळी येणाऱ्या हाताला ते टोक धरायला मिळावं म्हणून. ते रक्तात हत्तीच्या सोंडेसारखं हलायचं, म्हणून ते नाव.

मला वैद्यकाच्या इतिहासात यापेक्षा सभ्य कल्पना फार थोड्या आठवतात. सर्जन ही जमात काम पुरं करून टाका बंद करण्यावर पोसलेली. इथे एकाने मुद्दाम टोक मोकळं ठेवलं आणि म्हटलं, उरलेलं उद्याचा माणूस करेल, तो माझ्यापेक्षा वेगळ्या वाटेने येईल. ती वेगळी वाट बोर्स्टने लिहिलं तेव्हा जगाला नीट माहीतही नव्हती. खारकीव्हमध्ये वोलोदोसने १९८७ साली छातीतल्या महाधमनीत नळीवाटे कापड बसवलं, ब्युनोस आयर्समध्ये परोदीने १९९० साली पोटातल्या. मग जपानात काटो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उघड्या कमानीतून स्टेंट लावलेली नळी खाली सोडली, आणि हॅनोव्हरमध्येच २००३ साली तिला "गोठवलेली सोंड" हे नाव पडलं. हलणारी सोंड कड्यांनी ताठ झाली म्हणून गोठवलेली.

आता थोडं कडवट. ही नळी हातात आली की प्रत्येक फाटलेल्या महाधमनीत ती घालायचा मोह होतो, आणि तसा मोह झालेले सर्जन मी पाहिले आहेत. पहाटे तीनला, रक्ताच्या पिशव्या मोजक्याच उरलेल्या असताना, चीर फक्त हृदयाजवळच्या चढत्या भागात असेल तर तेवढाच भाग बदलून माणूस जिवंत बाहेर काढणं ही खरी कला. ताना नंतर. शिवाय सोंडेची किंमत मणक्याकडे जाणाऱ्या बारीक धमन्या मोजतात. त्या झाकल्या गेल्या तर काही रुग्णांचे पाय कायमचे जातात. मामांच्या नोटमध्ये चीर कमानीतच होती आणि पाय उपाशी होता, ही दोन वाक्यं सुरुवातीला नसती तर मी या शस्त्रक्रियेला एवढी दाद दिली नसती.

दुसरीकडे, नळीवाटेच सगळं करणाऱ्यांचा तोरा. पोटातली फुगलेली महाधमनी फुटली तर उघडून शिवावं की आतून कापड बसवावं, यावर ब्रिटनमध्ये इम्प्रूव्ह नावाचा मोठा अभ्यास झाला. २०१४ साली आलेल्या निकालात तीस दिवसांतले मृत्यू नळीवाटे ३५.४ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेत ३७.४ टक्के. म्हणजे जवळपास बरोबरी. फरक पुढच्या वर्षांत दिसला, तो नळीच्या बाजूने. माझ्या स्वतःच्या आठवणीतली उत्तम शस्त्रक्रिया मात्र दोन्ही पंथांची आहे. पोट रक्ताने भरलेलं, प्रेशर हाताला लागत नाही, आणि मी भूल दिली की पोटाचे स्नायू सैल पडून उरलंसुरलं रक्तही सुटणार. त्या दिवशी रुग्ण जागा असतानाच जांघेतून एक फुगा वर नेऊन महाधमनीत फुगवला. प्रेशर आलं. मग मी भूल दिली आणि सर्जनने आरामात, अगदी आरामात, पोट उघडलं. त्या फुग्याची दाद द्यायला माझ्याशिवाय तिथे कुणाला सवड नव्हती.

आपल्याकडची महाधमनी पाश्चात्त्य पुस्तकातल्यासारखी नेहमी म्हाताऱ्यांचीच नसते, हेही सांगायला हवं. परळच्या केईएममध्ये प्रफुल्लकुमार सेन, किनरे, केळकर आणि परुळकर यांनी दाहाने जाड झालेल्या, आक्रसलेल्या महाधमन्यांच्या शंभरावर रुग्णांचा अभ्यास करून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुस्तक काढलं. त्यांच्या रुग्णांत तरुण बायका मोठ्या संख्येने. अशा पेटलेल्या भिंतीला सुईही त्रास देते आणि स्टेंटही. दाह शमेपर्यंत थांबणं हाच तिथे पहिला उपचार. नव्या नळ्यांची जाहिरात बघताना मला ते पुस्तक आठवतं.

फाइलच्या मागे आणखी अर्धं पान होतं, पहिल्यानंतर सहा महिन्यांचं. दुसरी नोट. सोंडेच्या खाली खोटी वाट अजून वाहत होती आणि महाधमनी रुंदावत होती. या वेळी छाती उघडली नाही. जांघेत टोचून तार वर नेली, सोंडेच्या खालच्या मोकळ्या टोकात नवी नळी घुसवून फुलवली. एक नळी दुसरीत, दुर्बिणीच्या नळकांड्यांसारखी. तिसऱ्या दिवशी मामा घरी. दुसरी नोट लिहिणारा डॉक्टर पहिलीच्या डॉक्टरपेक्षा वेगळा आहे, सही वेगळी आहे. त्याची पहिली ओळ अशी आहे: आधीच्या सोंडेत जागा उत्तम.

"म्हणजे पहिल्याने याच्यासाठी जागा ठेवली होती?" मामांनी विचारलं.

"हो."

"दोघं एकमेकांना ओळखत असतील."

"ओळखायची गरज नाही, मामा. बोर्स्टने हेच तर केलं."

ते थोडा वेळ छत्रीकडे बघत राहिले. मग म्हणाले, पारीछाच्या नहरीवर इंग्रजांच्या काळातल्या दगडी दारांच्या खाचा आहेत. त्या खाचांत त्यांनी स्वतः लोखंडी दारं बसवली होती. "मापात बसली, बघ. घासायलासुद्धा लागलं नाही."

ऊन चढलं तसे उठलो. वाटेत देवळाच्या फुलवाल्याने मामांची चौकशी केली, तेव्हा मामांनी त्याच्याच दोन्ही मनगटांची नाडी एकदम धरून बघितली. हा त्यांचा नवा छंद आहे. ओळखीच्या प्रत्येकाला ते बीपी दोन्ही हातांनी मोजून घ्यायला सांगतात आणि गल्लीतल्या त्या डॉक्टरांचं नाव देतात.

पुढचा सीटी फाल्गुनात आहे. कोणती नळी, कोणत्या मापाची, कुठवर बसवली आहे हे लिहिलेलं कार्ड दोन्ही वेळी रुग्णालयाने दिलं होतं. ते फाइलमध्ये पडलं होतं. मी ते काढून प्रवासात कायम जवळ ठेवा म्हणून बजावलं. मामांनी ते पेन्शनच्या ओळखपत्राबरोबर खिशातल्या पाकिटात ठेवलं आहे.